विट्यातल्या टंच मशीनचा दिवस

सकाळी 9. दुकान उघडलं की आधी एसी, मग टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, मोजणारं मशीन. एक्स-रे नळी आणि डिटेक्टर स्थिरावेपर्यंत गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी सोनं आत जात नाही.

9.30. मशीनच्या झरोक्यावर शुद्ध चांदीची चकती. क्ष-किरण पडले की चांदी आपले स्वतःचे क्ष-किरण सोडते. त्यांची मुख्य ऊर्जा 22.16 किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. विट्यात तीच, अंतराळातही तीच. मशीनला ऊर्जा थेट कळत नाही. विजेचा स्पंद कितव्या चॅनेलवर पडला, एवढंच त्याला कळतं, आणि हवा तापली-गारठली की शिखर सरकतं. मग तांब्याचा तुकडा ठेवायचा, 8.05. दोन खुणा मिळाल्या की मोजपट्टी सरकली का, ताणली गेली का, दोन्ही समजतं. आकडे वहीत उतरवायचे.

हे नेटाने करावंच लागतं. सोन्याची एक ठळक रेषा 9.71 वर, तर भेसळीत वापरल्या जाणाऱ्या इरिडियमची 9.18 वर. पट्टी बिघडली, तर एकाचं माप दुसऱ्याच्या नावावर चढतं.

11 नंतर गर्दी. खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याकडच्या माण-खटावमधली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभरच्या सराफ बाजारांत पोचली आहेत. गावी आलेला एखादा गलाईवाला लगड घेऊन येतो. मी दोन्ही टोकं आणि मध्य, असा तीन जागी टंच घेतो. तीनही आकडे जुळले तरी जाड मुलाम्याचा संशय उरतोच, कारण सोन्याच्या या रेषा जेमतेम काही मायक्रॉन खोलीवरून बाहेर येतात. संशय आला की लगड कापायची किंवा मुशीत वितळवायची.

दुपारी 3. ऊन चढलेलं, पुन्हा चांदी. या वेळी मला अ‍ॅस्ट्रोसॅट हमखास आठवतो. 28 सप्टेंबर 2015 ला गेलेल्या या उपग्रहावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभी केली. तिथे चकती ठेवायला माणूस कुठला! म्हणून कॅमेऱ्याच्या चारही कोपऱ्यांवर सतत क्ष-किरण टाकणारे लोह-55 चे किरणोत्सारी स्रोत बसवले. त्यांची खूण 5.9 वर. पण लोह-55 साधारण पावणेतीन वर्षांत निम्मं होतं. दहा वर्षांत दहावा हिस्साही उरत नाही. त्यामुळे क्ष-किरण दुर्बिणी फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांकडेही वळवतात. तिथल्या सिलिकॉन आणि गंधकाच्या रेषा ओळखीच्या असतात. ज्यांनी दुरुस्तीला हात पोचणार नाही हे धरून आधीच खुणा सोबत पाठवल्या, त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

संध्याकाळी 7. शेवटचा डाग झाला की चांदी आणि तांबं परत एकदा. सकाळच्या आणि आताच्या आकड्यांतला फरक वहीत.

तुम्ही दागिना घेऊन कुठेही टंच काढायला गेलात, तर आधी ही वही मागा. आजची नोंद नसेल, तर चकती ठेवायला सांगा आणि नोंद होईपर्यंत थांबा.