डॉ. कोटणीस नेमके कोणाचे? नागरी-लष्करी समन्वय समजून घेताना

‘युद्धग्रस्त भागात लष्कर आणि नागरी संस्था यांच्यातला समन्वय’ हा विषय श्रीरामपूरसारख्या ठिकाणी बसून घ्यायचा म्हटलं, की पहिली शंका येते : आपल्या जवळचं उदाहरण कुठून आणायचं? एक आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

आधी संकल्पना. समन्वय म्हणजे हातात हात घालून काम करणं, असं आपण धरून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या मांडणीत मात्र ती एक पट्टी आहे. एका टोकाला सहअस्तित्व : दोघं एकाच भागात, पण एकमेकांच्या आड येऊ नये इतकाच संपर्क. दुसऱ्या टोकाला सहकार्य. संस्था लष्कराच्या जितकी जवळ, तितका प्रवास सोपा. पण समोरचा पक्ष तिला शत्रूचाच भाग समजेल, हा धोकाही तितकाच मोठा.

आता कोटणीस या पट्टीवर ठेवून बघा. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसचं पाच डॉक्टरांचं पथक निघालं. म्हणजे पाठवणारी संस्था नागरी. चीनमध्ये त्यांनी सुरुवातीला चिनी रेडक्रॉसबरोबर काम केलं. १९३९ मध्ये पथक येनानला, कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीकडे गेलं. कोटणीस पुढे त्याच सैन्यात दाखल झाले, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले.

माणूस तोच, कामही तेच, पण चार वर्षांत जागा बदलली. शेवटी तर ते पट्टीच्या बाहेरच गेले. कारण समन्वयाला दोन वेगळे पक्ष लागतात आणि इथे डॉक्टर स्वतःच सैन्याचा झाला. लष्करी डॉक्टरलाही जिनिव्हा करारांचं संरक्षण असतं, पण त्याला ‘तटस्थ मदतकार्यकर्ता’ म्हणता येत नाही. याने त्यांचं मोठेपण कमी होत नाही; आपलं वर्गीकरण तेवढं नीट होतं.

म्हणून कुठलंही उदाहरण घेताना तीन प्रश्न विचारा :

१. आदेश कोणाचा?
२. आधी कोणावर उपचार, हे कोण ठरवतं?
३. समोरचा पक्ष या संस्थेला काय समजतो?

उत्तरं वर्षागणिक वेगळी लिहा. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट जरूर बघा, पण पुरावा म्हणून वापरू नका. तो आठवण कशी घडली ते सांगतो. आदेश कोणाचा होता, हे पत्रव्यवहारात आणि डायऱ्यांतच शोधावं लागतं.