बीबीसी मायक्रो:बिट

बीबीसी मायक्रो:बिट हा शालेय मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकविण्यासाठी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या (बीबीसी) पुढाकाराने तयार झालेला, सुमारे ५ सेंमी × ४ सेंमी आकाराचा उघडा संगणक-फलक आहे. त्याला कळफलक नाही व नेहमीच्या अर्थाचा पडदाही नाही.

पार्श्वभूमी

१९८१ मध्ये बीबीसीच्या नावाने एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' हा संगणक बाजारात आला आणि ब्रिटनमधील बहुसंख्य शाळांत पोहोचला. मायक्रो:बिटचे नाव त्याचीच आठवण ठेवून दिलेले आहे. २०१६ च्या मार्चपासून ब्रिटनमधील ११-१२ वर्षांच्या सुमारे १० लाख विद्यार्थ्यांना हा फलक विनामूल्य देण्यात आला. वीजपुरवठ्यातील अडचणींमुळे हे वाटप काही महिने लांबले होते. त्याच वर्षी या कामासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले.

रचना

फलकाच्या दर्शनी भागावर २५ लाल एलईडी दिव्यांची चौकट आणि 'ए' व 'बी' ही दोन बटने आहेत. हालचाल ओळखणारा त्वरणमापक व होकायंत्र फलकातच अंतर्भूत आहेत. खालच्या कडेला पाच मोठी छिद्रे असून त्यांना चिमट्यांच्या तारा जोडता येतात. त्यामुळे डाख देण्याची गरज पडत नाही. पहिल्या आवृत्तीची कार्यकारी स्मृती अवघी १६ किलोबाइट होती. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन यांची भर पडली.

अध्यापनातील उपयोग

आज्ञावली संगणकावर लिहून यूएसबी तारेने फलकात उतरविली जाते. लहान मुले 'मेककोड' या संपादकात रंगीत ठोकळे जुळवितात. मोठी मुले मायक्रोपायथन वापरू शकतात. सुरुवातीच्या पाठांपैकी एक फाशाचा असतो: फलक हलविला की १ ते ६ यांपैकी एक अंक उमटावा. एखाद्या मुलाने ० ते ५ ही मर्यादा घातली, तर खेळता खेळता फाशावर शून्य पडते आणि चूक कोणी न सांगताच उघड होते.

कुंडीतील ओलावा मोजण्याचा प्रयोग याहून बोधप्रद आहे. मातीत दोन खिळे अंतर ठेवून रोवतात. एक '३ व्होल्ट' या छिद्राला, तर दुसरा '०' या छिद्राला जोडतात. फलक ० ते १०२३ यांमधील वाचन देतो. ओल्या मातीतून वीज अधिक सुलभतेने वाहत असल्याने वाचन वाढते. माती कोणत्या अंकाखाली 'कोरडी' मानावी, हे मात्र मुलाला कोरडी व ओली माती प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे लागते. वाचन अचानक घसरले, तर दोष आज्ञावलीत आहे, सैल चिमट्यात आहे की माती खरोखर सुकली आहे, याचा शोध घ्यावा लागतो. या शोधातच पाठाचे सार आहे. शिक्षकाने घाईने तार नीट करून दिल्यास ते हरवते.

मर्यादा

फलक स्वस्त असला, तरी आज्ञावली लिहिण्यासाठी वेगळा संगणक, टॅबलेट किंवा मोबाइल लागतोच. मेककोडमध्ये पडद्यावर आभासी फलक मिळतो. त्यामुळे फलक थोडे असलेल्या वर्गातही फाशाचा पाठ घेता येतो. कुंडीच्या प्रयोगाला मात्र खरा फलक, खिळे आणि माती हवीच.