फोकस चुकतोय? आधी दोष कोणाचा ते ठरवा

८५ एमएमची नवी लेन्स, एफ/१.८ वर पोर्ट्रेट, फोकस पॉइंट नेमका डोळ्यावर. फोटो मोठा करून पाहिला तर कानाजवळचे केस धारदार आणि पापण्या मऊ. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'लेन्स सॉफ्ट आहे, बदलून घे'. दुसरा, 'मायक्रोॲडजस्टमेंट कर, सगळं ठीक होईल'. दोन्ही सल्ले तपासणीआधीच दिलेले असतात आणि त्यापायी चांगल्या लेन्स परत जातात किंवा पडेल किमतीला विकल्या जातात, हे वाईट आहे.

लेन्सवर ठपका ठेवण्याआधी डीएसएलआरमध्ये फोकस कसा लागतो ते पाहू. लेन्समधून आलेला बराचसा प्रकाश मुख्य आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. हा आरसा अर्धपारदर्शक असल्यामुळे थोडा प्रकाश त्यातून पलीकडे जातो आणि मागच्या छोट्या आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पोचतो. फोटो मात्र मागच्या इमेज सेन्सरवर उमटतो. म्हणजे मोजणी एका जागी होते आणि फोटो दुसऱ्या जागी पडतो. लेन्सपासून या दोन्ही जागांपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. त्यात केसभर फरक पडला, तरी कॅमेरा 'फोकस लागला' असं सांगतो आणि फोटोत तो पुढे किंवा मागे लागलेला दिसतो. यालाच फ्रंट फोकस आणि बॅक फोकस म्हणतात. थोडीफार तफावत बॉडीत असते, थोडी लेन्समध्ये. दोन्ही आपापल्या मर्यादेत असतात, पण एकाच दिशेला पडल्या की त्यांची बेरीज होते. म्हणून तीच लेन्स मित्राच्या बॉडीवर चोख चालते. दोष लेन्सचा किंवा बॉडीचा नसून त्या जोडीचा असतो.

ही जोडी जुळवण्याची सोय कॅनननं ईओएस-१डी मार्क ३ मध्ये आणि निकॉननं डी३ व डी३०० मध्ये २००७ साली आणली. कॅनन तिला एएफ मायक्रोॲडजस्टमेंट म्हणतं, निकॉन एएफ फाइन-ट्यून. ती वापरल्यानं लेन्समध्ये कायमचा बदल होतो, ही भीती निराधार आहे. आकडा बॉडीच्या मेमरीत राहतो, त्या लेन्सपुरताच लागू होतो आणि शून्यावर आणला की सगळं पूर्ववत.

'प्रत्येक लेन्स कॅलिब्रेट करायलाच हवी' हेही खरं नाही. फुल फ्रेमवर ८५ एमएम लेन्सनं एफ/१.८ ला दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा असतो. तिथं दोन-तीन सेंटिमीटरची चूक लगेच नजरेत भरते. तीच लेन्स एफ/८ ला नेली की पट्टा २६ सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि तेवढी चूक त्यात झाकली जाते. १८-५५ किट लेन्सवर निसर्गचित्रं काढणाऱ्यानं यात वेळ घालवू नये.

मग खरी तपासणी कोणती? कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, स्थिर वस्तू निवडा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये ऑटोफोकस लावून फोटो काढा. इथं फोकस थेट इमेज सेन्सरवरून ठरतो, आरशांचा संबंध येत नाही. मग तोच फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढा. पहिला धारदार आणि दुसरा दरवेळी मऊ येत असेल, तरच जुळवणीचा प्रश्न आहे. दोन्ही मऊ असतील तर कारण वेगळं, आणि कुठलाही आकडा ते दुरुस्त करणार नाही. हातात धरून १/६० ला काढलेल्या हललेल्या फोटोंचं खापर बॅक फोकसवर फोडलेलं फार वेळा दिसतं.

सर्वाधिक घोळ चाचणीच्या पद्धतीत होतो. टेबलावर तिरकी पट्टी ठेवायची आणि तिच्यावरच फोकस लावायचा, ही रूढ रीत फसवी आहे. फोकस पॉइंटचं खरं क्षेत्र व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठं असू शकतं. तिरक्या पट्टीवर त्याला जवळचे आणि लांबचे आकडे एकदम दिसतात आणि तो त्यांतला कुठलाही पकडतो. फोकस लावायचा तो कॅमेऱ्याला समांतर उभ्या, ठळक काळ्या-पांढऱ्या आकृतीवर. तिरकी पट्टी तिच्या शेजारी, फक्त वाचायला. वाचताना 'एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे' हा पाठ केलेला नियम बाजूला ठेवा. वरच्या उदाहरणात पट्टा पुढे ३ आणि मागे ३, असा जवळपास निम्मा-निम्मा आहे. त्या नियमानं वाचणारा बरोबर असलेली लेन्स बिघडवून बसेल.

अंतर फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट धरतात, पण तुम्ही नेहमी जेवढ्या अंतरावरून काढता तेच उत्तम. उजेड दिवसाचा असावा. पिवळ्या टंगस्टन दिव्याखाली काही कॅमेऱ्यांचा फोकस थोडा सरकतो. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग फिरवून फोकस घालवा, मग पुन्हा लावा. ऑटोफोकस दरवेळी थोडा इकडे-तिकडे होतोच, म्हणून एका फोटोवर निर्णय नको.

कॅनन आणि निकॉनमध्ये जुळवणीचा आकडा −२० ते +२० असतो. फोकस पुढे पडत असेल तर अधिक, मागे पडत असेल तर उणे. एक पायरी म्हणजे ठरावीक मिलिमीटर नव्हे. कॅननमध्ये ती लेन्सच्या कमाल ॲपर्चरनुसार बदलते. त्यामुळे मित्राच्या लेन्सला +७ लागला म्हणून आपणही +७ घालण्याला अर्थ नाही. झूम लेन्सच्या दोन टोकांना वेगळे आकडे लागू शकतात. ५डी मार्क ३ त्यांची वेगळी नोंद ठेवतो. भिगवणला रोहित पक्षी टिपायला लेन्सवर टेलिकन्व्हर्टर चढवलात, तर ती नवी जोडी समजून पुन्हा तपासा.

मिररलेसमध्ये मोजणी इमेज सेन्सरवरच होते, म्हणून हा दोष बहुतांशी उरत नाही. मात्र काही वेगवान लेन्सचा फोकस ॲपर्चर बंद केल्यावर सरकतो, आणि तो लेन्सचा स्वभाव आहे.

कॅनन १५००डी किंवा निकॉन डी५६०० सारख्या बॉडीत ही सोय नाही. तिथं तपासणीचे फोटो सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, शक्यतो वॉरंटीत असतानाच. आणि लेन्स एकटी देऊ नका, बॉडीही द्या.