घोडेबाजारात रोग कसे पसरतात?

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात (ता. शहादा, जि. नंदुरबार) राजस्थान, पंजाब, गुजरातचे घोडे एकाच मैदानात बांधले जातात. तिथे जपायचे ते या रोगांपासून :

● ग्लँडर्स : नाकातला चिकट स्राव आणि फुटलेल्या गाठींतला पू चाऱ्या-पाण्यात मिसळून जिवाणू पसरतात. माणसालाही लागण होते. लस नाही, बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते.

● इन्फ्लुएंझा : खोकल्यातून हवेवाटे झपाट्याने पसरतो. भारतात २००८-०९मध्ये मोठी साथ आली होती. लस उपलब्ध आहे.

● स्ट्रँगल्स : जबड्याखाली गाठी येतात. सामायिक हौद, बादली, लगाम यांतून पसरतो. बरा दिसणारा घोडाही जंतू बाळगून असू शकतो.

● सर्रा : रक्तातला परजीवी, चावणाऱ्या टॅबॅनस माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात.

हे कराच : खरेदीपूर्वी ग्लँडर्सच्या रक्तचाचणीचा अहवाल पाहा. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही चाचणी करते. तोबरा, बादली, खरारा स्वतःचाच वापरा. नवा घोडा तीन आठवडे वेगळा बांधा. ताप किंवा नाकातून स्राव दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.