मी काय बसच्या टपावर बसली होती?

"ताई, मले एक सांगा," आमच्या शनिवारच्या वर्गात भिंतीला टेकून बसलेल्या काकूंनी हात वर केला. "कारमंदी बसली तं 'इन द कार'. ऑटोमंदी बसली तं 'इन द ऑटो'. मंग मूर्तिजापूरवरून यस्टीनं आली तं 'ऑन द बस' काहून? मी काय बसच्या टपावर बसली होती काय?"

वर्गात असा हशा पिकला की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून डोकावून गेल्या. मीही हसले. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? उत्तर मला सुचलं नाही. "पुढच्या शनिवारी सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली.

आमचा हा वर्ग म्हणजे काही मोठा क्लास नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली, एक फळा आणि सतरंजी. दुपारची कामं आटोपली की बारा-पंधरा जणी येतात. कुणी बचत गटातली, कुणी अंगणवाडीत काम करणारी, कुणी नर्सिंगला जायचं म्हणणारी मुलगी, तर कुणी सून आणि नातवंडं इंग्रजीत काय बोलतात ते कळावं म्हणून येणाऱ्या काकू. फी नाही. चहा मात्र असतो.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं. त्यामुळे आज घराघरात असं चित्र दिसतं की, मुलं इंग्रजी शिकतात आणि आई अभ्यासाला बसली की दुसऱ्याच पानावर अडखळते. स्पेलिंग पाठ करता येतं, शब्दाचा अर्थ विचारून घेता येतो. अडतं ते या इवल्याशा शब्दांवर. इन, ऑन, अ‍ॅट, बाय, फॉर, टू, सिन्स... अक्षरं दोन-तीन, पण जीव काढतात!

मला स्वतःला अशाच एका शब्दानं काय किंमत मोजायला लावली, ते आज सांगते.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत होता. पालकसभा होती. मी दहापासून बाकावर बसून होते. साडेअकराला नंबर लागला. घरून वाक्य जुळवून गेले होते, ते मोठ्यानं म्हटलं, "मॅडम, आय अ‍ॅम वेटिंग फ्रॉम टेन ओ'क्लॉक." मॅडम तरुण होत्या. त्या हसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फ्रॉम नाही, सिन्स." मागच्या रांगेत दोघी-तिघी हसल्या. माझा मुलगा खाली मान घालून बुटाच्या लेसशी खेळत राहिला. मला त्यांना विचारायचं होतं की, हा फळ्यावरचं चुकीचं का उतरवून आणतो? पण तोंडातून शब्दच फुटला नाही. "थँक यू" म्हटलं आणि निघून आले.

त्यानंतर दोन वर्षं मी पालकसभेला गेले नाही. मुलाचे बाबा जायचे, प्रगतिपुस्तकावर सही करून यायचे, "सगळं ठीक आहे," म्हणायचे. मुलाला लांबचं नीट दिसत नाही, त्याला चष्मा हवा आहे, हे आम्हाला पाचवीत कळलं. मी त्या दिवशी तो एक प्रश्न विचारला असता, मोडक्या इंग्रजीत नाही तर सरळ मराठीत विचारला असता, तर त्या पोराची दोन वर्षं वाचली असती. एका 'फ्रॉम'पायी मी गप्प बसले, ही चूक मात्र माझी.

म्हणून आमच्या वर्गाचा पहिला नियम आहे, चुकणाऱ्या बाईला कुणी हसायचं नाही. प्रश्न गमतीचा असेल तर खुशाल हसा, चुकीला हसू नका. आणि दुसरा नियम, चुकीचं कारण शोधायचं. कारण सापडलं की भीती निम्मी होते.

माझ्या त्या चुकीचं कारण काय होतं? आपण मराठीत 'दहापासून' म्हणतो, 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून'ही म्हणतो. आपल्या एका 'पासून'ला इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. काम अमुक वाजता सुरू होऊन तमुक वाजता संपतं, तिथे 'फ्रॉम'. म्हणजे बँक 'फ्रॉम टेन टू फोर'. एखादी गोष्ट मागे कधीतरी सुरू झाली, आजही चालू आहे आणि सुरू झाल्याची वेळ तुम्ही सांगताय, तर 'सिन्स'. 'सिन्स मंडे', 'सिन्स २००५'. आणि किती काळ लोटला ते सांगताय, तर 'फॉर'. 'फॉर टेन इयर्स'. म्हणून "मी वीस वर्षांपासून अकोल्यात राहते" याला 'सिन्स ट्वेंटी इयर्स' म्हणायचं नाही, 'फॉर ट्वेंटी इयर्स' म्हणायचं. एवढंच!

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीत तीन आणि मराठीत एक, म्हणजे इंग्रजीच अवघड. थांबा जरा. काकूंच्या प्रश्नासाठी मी त्या आठवड्यात जुनी व्याकरणाची पुस्तकं काढून बसले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपली मराठी काही कमी खट्याळ नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. म्हणजे आपल्याही भाषेला ढीगभर नियम आहेत. आपण ते आईच्या कडेवर बसून शिकलो, म्हणून ते नियम वाटत नाहीत.

इंग्रजीत या शब्दांना 'प्रिपोझिशन' म्हणतात. 'प्रि' म्हणजे आधी. हे शब्द नामाच्या आधी येऊन बसतात. आपल्याकडे हेच काम 'त', 'ला', 'ने' असे विभक्तीचे प्रत्यय आणि 'वर', 'खाली', 'साठी', 'पर्यंत' अशी शब्दयोगी अव्ययं करतात, पण ती नामाच्या मागून येऊन चिकटतात. इंग्रजीत 'इन अकोला' म्हणा, 'फ्रॉम अकोला' म्हणा, अकोला आपला अकोलाच राहतो. आपल्याकडे 'त' चिकटला की 'अकोल्यात', 'हून' चिकटला की 'अकोल्याहून', आणि आमच्या वऱ्हाडीत 'अकोल्याले'! गावाचं नावसुद्धा रूप बदलतं. 'अकोलात' असं आपल्याकडे लहान पोरही म्हणणार नाही. बाहेरच्या माणसाला हे शिकायचं तर घाम फुटेल. आणि आपण भाजी निवडता निवडता बोलतो.

बरं, वस्तू कुठे आहे हे सांगायची प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी. आपण बोटात अंगठी घालतो, इंग्रज ती बोटावर, म्हणजे 'ऑन' घालतो. आपल्या पायात चप्पल असते, त्यांच्या पायावर. आपले आंबे झाडाला लागतात आणि पक्षी झाडावर बसतो. त्यांचे आंबे 'ऑन द ट्री' आणि पक्षी 'इन द ट्री'. कोण बरोबर? दोघंही! त्यांनी एका बाजूने पाहिलं, आपण दुसऱ्या. म्हणून मराठी वाक्य मनात धरून एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावत गेलं की गाडी घसरते. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी पक्कं केलं, पण त्यात अख्खी वाक्यं घोकून घ्यावी लागत. सुटा शब्द उचलून चालत नसे.

मग शिकायचं कसं? आमच्या वर्गात आम्ही आपल्या रोजच्यातली उदाहरणं घेतो. श्रावणात अकोल्याची कावड सगळ्यांना ठाऊक. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणून राजराजेश्वराला अभिषेक करतात. आता बघा, श्रावण महिन्यात, सोमवारी, पहाटे पाच वाजता. मोठा काळ म्हणजे महिना किंवा वर्ष, तिथे 'इन'. वार किंवा तारीख, तिथे 'ऑन'. घड्याळातली नेमकी वेळ, तिथे 'अ‍ॅट'. 'इन ऑगस्ट, ऑन मंडे, अ‍ॅट फाइव्ह ओ'क्लॉक'. मोठ्या डब्यात लहान डबा आणि त्यात वाटी, असं समजा. गंमत म्हणजे आपल्याकडेही तीन वेगळी रूपं आहेत! महिन्यात, सोमवारी, वाजता. 'सोमवारात' कुणी म्हणतं का? जागेचंही तेच. 'इन अकोला, ऑन टिळक रोड, अ‍ॅट द बस स्टँड'. काही अपवाद आहेत, सकाळी म्हणजे 'इन द मॉर्निंग' आणि रात्री म्हणजे 'अ‍ॅट नाइट', ते तसेच पाठ करायचे.

काही ठिकाणी तर काहीच लावायचं नसतं. 'आय गो टू होम' हे चुकीचं, नुसतं 'आय गो होम'. आपणही 'घराला जाते' म्हणत नाही, 'घरी जाते' म्हणतो, नाही का? 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' नको, 'रीच'च्या मागे 'टू' नको. आणि काही शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात. 'लिसन टू', 'वेट फॉर', 'गुड अ‍ॅट', 'अफ्रेड ऑफ'. आपण 'त्याच्याशी लग्न झालं' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'मॅरीड विथ' तोंडात येतं, तिथे 'मॅरीड टू' हवं. तिखट-मीठ जसं एकाच मिसळणाच्या डब्यात शेजारी ठेवतो, तशी ही जोडी वहीत एकत्रच लिहून ठेवायची. सुटी करायचीच नाही.

बोलण्यात एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर आभाळ कोसळत नाही, समोरच्याला कळतं. पण कागदावर मात्र जपायला हवं. आपल्या 'पर्यंत'चंच घ्या. "शुक्रवारपर्यंत पैसे भरा" आणि "शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे". मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'. इंग्रजीत पैसे भरायचे 'बाय फ्रायडे', कारण ते काम एकदाच करून मोकळं व्हायचं आहे आणि शुक्रवार ही शेवटची मुदत आहे. ऑफिस बंद 'टिल फ्रायडे', कारण ते तोवर सतत बंदच राहणार. मुलीच्या प्रवेशाच्या सूचनेत 'बाय' दिसलं की तारीख लाल पेनानं लिहून ठेवा आणि दोन दिवस आधीच जा. 'विदिन फिफ्टीन डेज' असेल तर पंधरा दिवसांच्या आत, पंधरा दिवसांनी नव्हे. नोकरीच्या फॉर्मवर वयापुढे 'अ‍ॅज ऑन' आणि तारीख असेल, तर त्या तारखेला तुमचं वय किती होतं ते लिहायचं, आजचं नाही. औषधाच्या चिठ्ठीवर 'बिफोर फूड' की 'आफ्टर फूड', हे तर दोनदा वाचायचं. समजलं नाही तर दुकानदाराला बिनधास्त मराठीत विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही, गप्प बसण्यात मात्र धोका आहे. हे मी अनुभवाने सांगते.

आणि हो, काकूंचं उत्तर राहिलंच! पुढच्या शनिवारी मी सांगितलं, "काकू, ज्या गाडीत उभं राहता येतं, चालता-फिरता येतं, ती म्हणजे बस, आगगाडी, विमान, बोट. तिथे 'ऑन'. कार आणि ऑटोत वाकून आत शिरायचं आणि बसून राहायचं, म्हणून तिथे 'इन'. सायकल-स्कूटरवर तर आपण खरोखरच वर बसतो, म्हणून 'ऑन'. आणि नुसतं कशानं आलात एवढंच सांगायचं असेल तर 'बाय बस'."

काकूंनी मान डोलावली. "हाव, यस्टीत तं उभंच राहा लागते. जागा कुठी भेटते!" पुन्हा हशा.

परवा त्याच काकू वर्गात आल्या त्या चेहऱ्यावर वेगळंच तेज घेऊन. बंगलोरला राहणाऱ्या नातवाचा फोन आला होता. पोरगा सात वर्षांचा, घरीदारी इंग्रजीच बोलतो. पण आजीसाठी मराठीत म्हणाला, "आजी, मी दिवाळीला अकोलात येणार."

"मंग तुम्ही काय म्हटलं?" सगळ्यांनी विचारलं.

"म्हटलं, बाप्पा, 'अकोल्यात' म्हणावं. तं तो म्हणे, व्हाय आजी? गावाचं नाव तं अकोला हाय." काकू जरा थांबल्या. "मी हसली नाई त्याले. म्हटलं, थांब, आमच्या वर्गात विचारून सांगतो. आता सांगा ताई, काहून?"

या वेळी मी वेळ मारून नेली नाही. खडू काकूंच्याच हातात दिला.