उंचसखल जमिनीवरचे गवतकापणी यंत्र : निवड कोणी व कशी करावी?



कामगार संघटनेच्या माणसाने गवत कापण्याच्या यंत्रावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु यंत्र आले म्हणून गवत कापणारा मजूर नाहीसा होत नाही. तो विळा ठेवून चाकावर जाऊन बसतो, इतकेच. शाळा-महाविद्यालयांची मैदाने, संस्थांची आवारे, संत्र्याच्या बागा अशा ठिकाणी बसून चालविण्याचे यंत्र घ्यावे काय, आणि घेतले तर कोणते, हा प्रश्न आता आपल्याकडेही विचारला जातो. यातील मूळ अडचण अशी की, यंत्र घेणारा एक असतो आणि त्यावर बसणारा दुसरा. घेणारा किंमत, अश्वशक्ती आणि दिवसाकाठी किती गवत कापले जाईल हे विचारतो. बसणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो : चाक खळग्यात गेले तर माझे काय होईल? आमचे म्हणणे असे की, निवडीचा आरंभ या दुसऱ्या प्रश्नापासून झाला पाहिजे.

प्रथम या यंत्राचे कूळ पाहू. इंग्लंडातील स्ट्राउड या गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. तेथील गिरण्यांत विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कातरण्याचे यंत्र असे. त्यावरून त्याला गवत कातरण्याची कल्पना सुचली व १८३० साली त्याने पेटंट घेतले. म्हणजे हे यंत्र मुळात गिरणीतले आहे, आणि ते सपाट हिरवळीसाठी जन्मले. आपली जमीन तशी नाही, हे विसरून खरेदी केली की फसगत होते.

आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आपण मानतो. बुलढाणा, चिखली, मेहकरकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा, उतार, मुरूम आणि मध्येच डोके वर काढणारा काळा खडक. येथे धोका डोळ्यांना दिसतो. मलकापूर, नांदुरा, शेगावकडे पूर्णेच्या खोऱ्याची काळी कसदार जमीन. ती दिसावयास सपाट. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि ओल्यात उमटलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते. त्यावर गवत वाढले म्हणजे खड्डा झाकला जातो. येथे धोका लपून असतो, म्हणून तो अधिक फसवा.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी जमीन मोजावी. साधन गवंड्याचेच आहे. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिचे वरचे टोक उतारावर टेकवावे, पाणसळ ठेवून ती आडवी समपातळीत धरावी, आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते २७ सेंटीमीटर भरले तर उतार १५ अंशांचा झाला. बसून चालविण्याच्या बहुतेक यंत्रांचे उत्पादक याच्या पलीकडे यंत्र नेऊ नका असे सांगतात. त्याहून चढ जास्त असेल तेथे खांद्यावरचे कापणी यंत्र किंवा विळा बरा. सर्व आवार एकाच यंत्राने कापले पाहिजे, असा हट्ट नसावा.

पण १५ अंशांच्या आत आहोत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. यंत्राच्या भारमध्यातून ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करा. तो चाकांच्या मधल्या जागेत पडतो तोवर यंत्र उभे राहते. खालच्या चाकाबाहेर गेला की कलंडते. समजा, दोन चाकांतील अंतर एक मीटर आहे आणि यंत्र दहा अंशांच्या उतारावर आडवे चालले आहे. खालचे चाक दहा सेंटीमीटर खळग्यात गेले आणि त्याच क्षणी वरचे चाक तेवढ्याच उंचीच्या दगडावर चढले, तर त्यात अकरा अंशांहून अधिक भर पडते. दहाचे एकवीस झाले! त्यातच वळण घेतले तर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. म्हणून भारमध्य खाली आणि चाकांचा पसारा रुंद असलेले यंत्र घ्यावे, उतारावर ते आडवे न चालवता सरळ चढ-उतार चालवावे, आणि उतारावर वळू नये.

आता यंत्राचे अवयव पाहू. पुढचा आस मधोमध खिळीवर डोलणारा असावा. त्यामुळे एक चाक उचलले तरी बाकीची तीन जमिनीला धरून राहतात. मागचे एक चाक अधांतरी झाले की सारी शक्ती त्याच चाकात फुकट फिरते. म्हणून दोन्ही चाके एकत्र जखडण्याची सोय हवी. टायर गुळगुळीत नकोत, दातेरी हवेत. पुढे सुटी फिरती चाके आणि मागच्या चाकांनीच वळणारी यंत्रे जागच्या जागी गिरकी घेतात, हे खरे. परंतु उतारावर मागची चाके घसरली की त्यांचे वळणही हातातून जाते. कापणीचा पट्टा फार रुंद घेऊ नये. रुंद पट्टा उंचवट्यावर टेकतो व जमीन खरवडतो, अरुंद पट्टा जमिनीच्या वळणाने जातो. पात्यांचाही विचार करावा. गरगर फिरणाऱ्या ताठ पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो; त्याने उडविलेला खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा लागतो. खडकाळ जागी सुट्या लोंबत्या पात्यांचे यंत्र बरे. दगड लागला की ते पाते मागे झुकते.

यानंतर येते माणसाच्या रक्षणाची गोष्ट. बसणाऱ्याच्या मागे पोलादी कमान आणि कमरेला पट्टा, ही जोडी आहे. कमान असून पट्टा नसेल तर माणूस फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. कमानच नसेल तर मात्र पट्टा बांधू नये. स्वीडनने १९५९ साली, पगारी माणूस चालवीत असेल अशा नव्या ट्रॅक्टरांना ही कमान सक्तीची केली, आणि पुढच्या काळात उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणाऱ्यांची संख्या तेथे फार खाली आली. सक्तीचा आरंभ पगारी माणसापासून झाला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. स्वतःच्या जमिनीवर जोखीम घ्यायची की नाही, हे मालक ठरवू शकतो. नोकराला ती नाकारता येत नाही.

आसनाखाली एक कळ असते. माणूस उठला की पाते थांबते. ही कळ त्रासदायक वाटते म्हणून तार बांधून ती निकामी केलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत. वाचलेले दोन मिनिट संस्थेच्या खाती जमा होतात, गेलेला पाय मात्र एकट्या मजुराचा असतो.

तेव्हा आमची विनंती एवढीच. खरेदीसाठी समिती नेमाल तेव्हा जो माणूस यंत्र चालविणार, त्याला समितीत बसवा. विक्रेत्याला गुळगुळीत अंगणात नव्हे, तर आपल्या सर्वांत वाईट कोपऱ्यात, पाते बंद ठेवून, यंत्र चालवून दाखवावयास सांगा. मग चालवणाऱ्याला विचारा, ‘यावर रोज बसशील काय?’ तो ‘नाही’ म्हणाला तर किंमत कितीही कमी असो, ते यंत्र घेऊ नका. आणि ‘नाही’ म्हणाल्याबद्दल त्याचा रोज बुडणार नाही, हे त्याला आधी सांगून ठेवा. त्याशिवाय त्याच्या तोंडून खरे उत्तर येणार नाही.