टक्केवारीत न सापडणारी चोरी

प्रबंध सादर करण्याचे दिवस आले की पीएच.डी.चे विद्यार्थी एकमेकांना एकच विचारतात : ‘‘किती टक्के आले?’’ आकडा दहाच्या आत असला की जीव भांड्यात पडतो. वर गेला की तो ‘खाली आणून देणाऱ्या’ची शोधाशोध सुरू होते. संशोधन कसे झाले, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही.

हा दहाचा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला. दुसऱ्यांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करायलाच वर्षभर बंदी, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. अध्यापकाच्या लेखात साम्य जास्त सापडले तर लेख मागे घ्यावा लागतो, वेतनवाढ थांबते आणि दोन-तीन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पण त्याच नियमावलीत आणखी एक अट आहे : गोषवारा, परिकल्पना, निरीक्षणे आणि निष्कर्ष हे संशोधकाचे स्वतःचेच हवेत. टक्केवारीच्या धावपळीत तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

ही टक्केवारी काढणारे सॉफ्टवेअर करते ते इतकेच : मजकुराचे लहान तुकडे पाडून ते आपल्याजवळच्या साठ्याशी ताडून पाहते. त्यातून साम्य दिसते. चोरी झाली की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते. रसायनशास्त्राच्या लेखात प्रयोगाची ठरलेली कृती ठरलेल्याच शब्दांत येते, त्यामुळे प्रामाणिक लेखाचाही आकडा फुगतो. उलट, दुसऱ्याचा निष्कर्ष शब्द बदलून आपल्या नावावर खपवला तर अहवाल जवळजवळ कोरा येतो.

आकडा पाडण्याच्या या धडपडीतून एक नवाच रोग जन्माला आला. गीयोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव या संशोधकांनी २०२१ मध्ये तो उघड केला. छापून आलेल्या इंग्रजी शोधनिबंधांत त्यांना ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’ असे शब्द सापडले. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरची ही करणी असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला यात चोरीहून गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट : हे निबंध परीक्षक आणि संपादक यांच्या हातांखालून गेले होते. कुणी लक्ष देऊन वाचले असते, तर पहिल्याच पानावर थबकले असते.

मराठीत धोका आणखी मोठा आहे. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवून प्रबंधात घातले, तर शब्दाला शब्द जुळवणारी तपासणी ते सहसा पकडत नाही. शिवाय साठ्यात मराठी मजकूर आहे तरी किती? ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध चढवले जातात खरे, पण अनेक जुने मराठी प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे आहेत किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. यंत्राला ते वाचताच येत नाहीत. वर्षानुवर्षे खपून एखाद्याने जमवलेली लोककथांची सामग्री दुसऱ्याने उचलली, तरी अहवालात तिचा मागमूस दिसत नाही. ती चोरी ओळखू शकतो तो त्या विषयातला जाणकार मार्गदर्शक.

चोरी उघडकीस आल्यावर तिचे मोजमाप करायलाही जाणकारच लागतो. २००२ मध्ये कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंच्या निबंधात स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांचे संशोधन उचलल्याचे उघड झाले. नोबेल विजेत्यांसह तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी राष्ट्रपती कलाम यांना पत्र लिहिले, चौकशी झाली आणि २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. याउलट रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव सहलेखक असलेल्या, ‘अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स’ या नियतकालिकातील निबंधात काही वाक्येच उचललेली आढळली. लेखकांनी जाहीर माफी मागितली आणि निबंध कायम राहिला. दोन्ही प्रकरणांना एकाच टक्केवारीच्या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे झाले असते.

तक्रारीसाठी नियमावलीत दोन पायऱ्या आहेत : आधी विभागाची समिती, मग संस्थेची, प्रत्येकीला ४५ दिवसांची मुदत. व्यवस्था चांगली आहे, पण ती चोरी झाल्यानंतरची. आधीचे काम साधे आणि कष्टाचे आहे. टिपण काढताना दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शेजारी पान क्रमांक लिहायचा, ही सवय एम.ए.च्या पहिल्या वर्षीच लागली पाहिजे, पीएच.डी.च्या टप्प्यावर सक्तीचा केलेला तीस तासांचा प्रकाशन-नीतीचा अभ्यासक्रम त्यासाठी फार उशिरा येतो. मार्गदर्शकाने प्रबंध एकदम शेवटी हातात न घेता प्रकरणागणिक वाचावा, आणि तेवढा वेळ मिळेल इतकेच विद्यार्थी विद्यापीठाने त्याला द्यावेत. आणि मराठी विभागांनी आपल्या कपाटांतले जुने प्रबंध युनिकोडमध्ये आणण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे.